मॉरिशसच्या सुट्टीत किनाऱ्यावरून मासे गरवायचे असतील तर

मी मूळचा देवगडकडचा. लहानपणी मे महिन्यात खडपावर बसून तंगूस (म्हणजे गळाची नायलॉन दोरी) आणि गरी, म्हणजे गळ, घेऊन शेंगटी, तांबोसा, जे लागेल ते गरवायचो, त्यामुळे मॉरिशसची फॅमिली ट्रिप ठरली तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार रॉडचा. बायकोशी तह झाला की दिवस सगळे आमचे, संध्याकाळचे दोन तास तुझे. पहिल्या तीन संध्याकाळी मी हॉटेलसमोरच्या त्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर उभा राहून जीव खाऊन लांब लांब फेकत होतो आणि एक मासा नाही, मुलगी येऊन विचारून गेली, बाबा इथे मासे असतात तरी का.

चौथ्या दिवशी फ्लिक ऑन फ्लाकच्या जवळच एका खडकाळ टोकावर एक म्हातारे काका दिसले. हातात बांबूची लांब काठी, रीलबिल काही नाही, आणि पायापासून चार-पाच मीटरवर गळ सोडून शांतपणे एकेक मासा बादलीत टाकतायत. त्यांना मराठी येत नव्हतं, मला क्रेओल, म्हणजे तिथली बोली, येत नव्हतं. त्यांनी माझा गळ हातात घेतला, स्वतःच्या करंगळीच्या नखाशी लावून बघितला, मान हलवली आणि आपल्या पिशवीतला एक दाखवला, माझ्याच्या निम्मा. मग मी समोर समुद्राकडे हात केला तर त्यांनी बोट खाली, खडकाच्या बुडाशी दाखवलं. झालं, एवढाच क्लास. लहान गळ आणि जवळ फेक. पुढचं सगळं हे दोन शब्द फोड करून सांगणं आहे असंच समजा.

आधी तिथलं पाणी समजून घ्या

मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याला बाहेरून प्रवाळाचं कडं आहे. लाटा तिथेच फुटतात, लांबवर पांढरी रेघ दिसते ती तीच, तिथले लोक तिला ब्रिझां म्हणतात. त्या रेघेच्या आत जे उथळ निळं-हिरवं पाणी ते लगून, आणि बेटाभोवतीच्या अशा लगूनचं क्षेत्रफळ सुमारे २४३ चौरस किलोमीटर आहे. आता गंमत अशी की फोटोत जे सगळ्यात सुंदर दिसतं, म्हणजे पांढऱ्या वाळूवरचं फिकट निळं पाणी, ते माशांच्या दृष्टीने उघडं माळरान. लपायला जागा नाही, खायला फारसं काही नाही, वर दिवसभर माणसं डुंबतायत. मासा असतो जिथे पाण्याचा रंग बदलतो तिथे. फिकट पट्टा संपून गडद तपकिरी डाग सुरू होतो तो म्हणजे खाली खडक, प्रवाळ नाहीतर समुद्री गवत. त्या डागाच्या काठावर गळ पडला पाहिजे, डागाच्या मधे नाही, मधे पडला की अडकला आणि गेला. पोलराइज्ड गॉगल, म्हणजे पाण्यावरची चकाकी कापणारा, असेल तर हे डाग फारच स्वच्छ दिसतात, रॉडवर दोन हजार कमी खर्च करा पण गॉगल घ्या.

भरती-ओहोटीचं आपलं कोकणातलं गणित तिथे विसरायचं. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, मॉरिशसला तोच फरक जेमतेम अर्धा मीटर. म्हणजे ओहोटीला शंभर पावलं समुद्र मागे गेला असं दृश्य तिथे नाहीच. पण अर्धा मीटरसुद्धा उथळ लगूनमधे पुष्कळ असतो हो, कारण गुडघाभर पाणी असेल तर मासा बिथरतो आणि कमरेएवढं झालं की आत येतो. त्यामुळे पाणी चढायला लागल्यापासून पूर्ण भरेपर्यंतचा वेळ चांगला. ती वेळ सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला जुळून आली तर त्या दिवशी बाकी काही प्लॅन ठेवू नका, बायकोची माफी नंतर मागता येते.

वारा मात्र भरती-ओहोटीपेक्षा महत्त्वाचा. तिथे वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून वारा असतो, आणि जून ते सप्टेंबर तर जोरात. म्हणून पूर्वेकडच्या बाजूला, बेल मार वगैरे, हलकी तंगूस फेकली की पतंगासारखी पोट काढते आणि मासा लागलाय की वारा ओढतोय कळत नाही. त्याच दिवशी पश्चिमेला फ्लिक ऑन फ्लाक, तामारिन, ला प्रनेझ या बाजूला पाणी तळ्यासारखं. बेट लहान आहे, तास-दीड तासात एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाता येतं, त्यामुळे सकाळी उठून आधी झाडं कुठे वाकतायत बघा आणि मग बाजू ठरवा.

जागा कुठल्या

नदी जिथे समुद्राला मिळते ती जागा नवख्याला सगळ्यात सोपी. तामारिन, ब्लॅक रिव्हर, दक्षिणेला बे द्यु काप, अशा ठिकाणी बोय घोळक्याने फिरते आणि तिच्यामागे कोकर येते, तिथे तिला कारांग म्हणतात. दुसरी चांगली जागा म्हणजे गावातले बांध आणि वॉटरफ्रंटच्या भिंती, माएबुर्गला संध्याकाळी तिथलेच लोक भिंतीवर दोरी सोडून बसलेले असतात, त्यांच्या शेजारी नाही पण दहा-पंधरा मीटर सोडून बसा आणि पहिली दहा मिनिटं फक्त बघा ते काय करतायत. तिसरी, वाळूचा किनारा संपून काळा कातळ सुरू होतो ते टोक. हा कातळ ज्वालामुखीचा, आपल्या सड्यासारखाच काळा आणि खरबरीत, मला तर तिथे उभं राहिल्यावर घरचीच आठवण आली.

उत्तम दिसणारी पण टाळायची जागा म्हणजे दक्षिणेचं ग्री ग्री. तिथे प्रवाळाचं कडं तुटलेलं आहे, त्यामुळे मोकळ्या समुद्राची लाट सरळ कड्यावर आपटते. फोटो काढा, गरवू नका.

आणि हॉटेलचा किनारा? मॉरिशसमधे समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत, हॉटेलसमोरची वाळूसुद्धा, त्यामुळे चालत जायला कुणी अडवत नाही. पण पोहणाऱ्यांच्या दोऱ्या लावलेल्या असतात तिथे गळ फेकणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. पहाटे साडेपाच-सहाला ठीक आहे, तेव्हा फक्त योगावाले असतात.

नियमांचं थोडक्यात सांगतो. ब्लू बे आणि बालाक्लावा ही दोन मरीन पार्क आहेत, तिकडे रॉड काढूच नका. पाण्याखाली बंदुकीने, म्हणजे स्पिअरगनने मासे मारायला देशभर बंदी आहे. जाळं आणू नका, त्याला वेगळे परवाने आणि हंगाम आहेत. ऑक्टोपस दिसला तरी हात लावू नका, त्याला बंदीचा काळ असतो, १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर. किनाऱ्यावर ठिकठिकाणी फिशरीज पोस्ट आहेत, जाताना एकदा आत डोकावून, इथे रॉडने बसलं तर चालेल ना, एवढं विचारायचं. नियम बदलत राहतात आणि विचारल्याचा फायदा असा की तोच माणूस बहुतेक वेळा जागाही सांगतो.

सामान, आणि काय नेऊ नये

टेलिस्कोपिक रॉड, सात ते आठ फुटी, बंद केल्यावर सुटकेसमधे आडवा मावेल असा. डेकॅथलॉनमधला साधा सेट पुरे. रील २५०० किंवा ३००० नंबरचं. तंगूस ०.२५ ते ०.२८ मिलिमीटर. ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी सगळे यूट्यूबवाले वापरतात पण प्रवाळाला आणि कातळाला ती घासली की क्षणात तुटते, साधी नायलॉनच बरी. गळाच्या वरचा शेवटचा हातभर तुकडा जरा जाड, ०.३० ते ०.३५. गळ ८ आणि १० नंबरचे दोन पाकिटं, ४ नंबरचे थोडे, आणि लक्षात ठेवा की नंबर वाढला की गळ लहान होतो, मी दुकानात उलटं समजून बसलो होतो तिथूनच सगळी बोंब. शिसं ५ ते २० ग्रॅम, भोक असलेलं. दहा-बारा स्विव्हेल, म्हणजे दोन दोऱ्या जोडायच्या फिरत्या कड्या, दोन फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे बोंडूक, १५-२० ग्रॅमचे दोन चमकणारे मेटल जिग, म्हणजे धातूचे खोटे मासे. लांब नाकाचा चिमटा, हा विसरलात तर ट्रिप विसरा. डोक्याला लावायचा टॉर्च. जाड तळाचे बंद बूट, याचं कारण पुढे येतंय.

गळ, चाकू, चिमटा सगळं चेक-इनच्या बॅगेत, केबिनमधे नेलंत तर सिक्युरिटीला दान होईल. आणि घरून सुकट, जवळा वगैरे आमिष म्हणून नेऊ नका, खाण्यापिण्याच्या वस्तूंना तिथल्या कस्टम्समधे कडक असतात आणि गरजही नाही, कुठल्याही सुपरमार्केटमधे फ्रोझन कोळंबी मिळते.

गाठ

सगळे इथे घाई करतात. तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवून घ्या, टोक बोटभर लांब ठेवा, ते टोक मूळ दोरीभोवती सहा वेळा गुंडाळा, मग नेढ्याच्या लगतचं जे पहिलं लहान वेटोळं राहिलंय त्यातून टोक आत घाला आणि आता तयार झालेल्या मोठ्या वेटोळ्यातून परत बाहेर. ओढायच्या आधी गाठ तोंडात धरून थुंकीने ओली करायची. कोरडी ओढली तर घर्षणाने नायलॉन तापतं आणि तिथेच कमजोर होतं, डोळ्याला दिसत नाही, कळतं थेट मासा गेल्यावर. सावकाश ओढा, वेढे एकावर एक स्प्रिंगसारखे बसले पाहिजेत, एकमेकांवर चढले असतील तर कापून परत. मग गळ कशाला तरी अडकवून एक सणसणीत ओढ देऊन बघा.

जोडणी दोन प्रकारची पुरते. तळावरच्या माशाला: मुख्य दोरीत शिसं सुटं ओवायचं, खाली स्विव्हेल, स्विव्हेलला अर्धा मीटर जाड तंगूस, टोकाला ८ नंबर गळ. शिसं सुटं असल्यामुळे मासा आमिष घेऊन चालायला लागला तरी त्याला वजन जाणवत नाही. आणि जिथे खाली खडकच खडक, तिथे फ्लोट लावून गळ तळापासून वीतभर वर लटकता ठेवायचा. काकांचं बांबूचं काम हेच होतं, तिथे त्या काठीला गोलेत म्हणतात, आणि कितीतरी लोक ती घेऊन लगूनच्या पाण्यात कमरेपर्यंत उभे असतात, बगळ्यासारखे, तासन्तास.

आमिष

कोळंबी सोला. अख्खी लावू नका, ही दुसरी चूक सगळ्यांची. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, गळाचं टोक एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने वळवून बाहेर काढायचं, म्हणजे तुकडा गळाच्या वाकावर बसतो आणि टोक किंचित बाहेर दिसतं. फार टोचाटोची केली तर कोळंबीचा लगदा होतो आणि फेकतानाच उडून जाते. लहान मासे फारच कुरतडत असतील तर माकुलाची (स्क्विडची) पट्टी लावा, ती चिवट असते. बोयसाठी पावाचा मळलेला गोळा, वाटाण्याएवढा, आणि उरलेला पाव पाण्यात भिजवून मूठ-मूठ टाकत राहायचं म्हणजे घोळका तिथेच रेंगाळतो.

फेकणं आणि वाट बघणं

मागे कोण आहे बघा. हे रोज, दर वेळी. मग रॉड खांद्यावरून आणून हलकेच सोडा, दहा-पंधरा मीटर बास झाले, आणि खडकावर असाल तर पहिल्यांदा पायाजवळच सोडून बघा. पाण्याच्या काठावर उभं राहू नका, दोन पावलं मागे, शक्य तर बसा, कारण स्वच्छ पाण्यात मासा तुम्हाला तुमच्या आधी बघतो. सावलीही पाण्यावर पडू देऊ नका.

दोरी हलकी ताणलेली ठेवून तर्जनीवर धरायची. लहान मासा टक-टक-टक करतो, शिवणयंत्रासारखं, त्यावर झटका मारलात तर रिकामा गळ वर येतो. थांबायचं. मग एकदम एक सरळ ओढ येते, टोक खाली वाकतं, तेव्हा मनगटाने रॉड वर उचला, एवढंच, क्रिकेटचा शॉट नको. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरीवरची पकड, आधीच असा ठेवलेला हवा की हाताने ओढली तर दोरी कुरकुरत सुटेल. कोकर लागली तर ती पहिल्या पाच सेकंदात खडकाकडे धावते, तेव्हा मात्र रॉड बाजूला आडवा करून तिचं डोकं वळवावं लागतं. आणि अगदी अंधार पडताना, शेवटची वीस मिनिटं, आमिष सोडून मेटल जिग लावा, फेका, भरभर गुंडाळा, मधेच थांबवा. माझी सगळ्यात मोठी कोकर अशीच आली, किलोभर असेल, मुलीने किंचाळून आख्खा किनारा गोळा केला. तिथे सूर्य बुडाला की अर्ध्या तासात काळोख होतो आणि जून-जुलैत तर पावणेसहालाच सूर्य बुडतो, त्यामुळे परतीची वाट उजेडात बघून ठेवा.

पंधरा-वीस मिनिटं एकही टक नाही तर जागा बदला. श्रद्धेने बसून राहण्याला इथे काही किंमत नाही.

कशाला हात लावायचा नाही

आता बुटांचं. तिथे दगडमासा आहे, क्रेओलमधे लाफ. उथळ पाण्यात खडकासारखाच दिसतो, पाठीवर विषारी काटे, पाय पडला तर वेदना माणसाला आडवी करणारी. पाण्यात उतरायचं तर जाड तळाचे बूट, तेही पाय घासत चालायचं म्हणजे वाळूतलं पाकट आधीच सरकतं. काटा लागलाच तर त्या भागाला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास, आणि तोवर अँब्युलन्सला ११४ वर फोन. गरम पाण्याने दुखणं खरंच उतरतं, बर्फ लावू नका. त्या काकांच्या बादलीतले मासे कोर्दोनिए होते, चपटे, राखाडी, चवीला छान, पण त्यांच्याही परांच्या काट्यांना विष असतं, दगडमाशाइतकं नाही तरी रात्रभर ठसठसतं. म्हणून अनोळखी मासा कधीही मुठीत धरायचा नाही, ओल्या फडक्याखाली दाबून चिमट्याने गळ काढायचा. केंड लागला, म्हणजे फुगणारा, तर दोरी कापून सोडून द्या, तो खायचा नाही.

खाण्याबद्दल एक गंभीर गोष्ट. प्रवाळाजवळच्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेरा नावाचं विष साठतं. ते मूळ सूक्ष्म शेवाळातून येतं, लहान माशांतून मोठ्यांत जमत जातं, आणि शिजवून, तळून, गोठवून जात नाही. वासाला-चवीला काही कळत नाही, मग उलट्या, जुलाब, ओठांना मुंग्या आणि थंड पाणी हाताला चटका दिल्यासारखं लागतं. म्हणून मोठा गोबरा, बराकुडा, प्रवाळातली वाम हे घरी न्यायचे नाहीत. ताटात मावेल एवढाच मासा, तोही शेजारच्या स्थानिक माणसाला दाखवून, त्याने नको म्हणून मान हलवली की सोडून द्यायचा. रंगीत पोपटमासे मी सोडतोच, प्रवाळावर वाढणारं शेवाळ ते खरवडून साफ ठेवतात, आणि खरं सांगायचं तर मला ते खावेसे वाटतच नाहीत.

खडकावर बसायच्या आधी पंधरा मिनिटं लांबून लाटा बघा. कातळ कुठपर्यंत ओला आहे ती रेघ शोधा आणि तिच्या वर बसा. समुद्राकडे पाठ करायची नाही, गळ अडकला तर सोडवायला खाली उतरायचं नाही, गळ दहा रुपयांचा आहे. नोव्हेंबर ते मे वादळांचा हंगाम, सायक्लोनचा इशारा क्लास वनचा, म्हणजे सगळ्यात खालचा, असला तरी त्या दिवशी पत्ते खेळा. आणि तिथल्या थंडीत, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर, आकाश निरभ्र असतानाही दक्षिणेकडून मोठ्या लाटा येतात, त्याचे वेगळे इशारे निघतात, हॉटेलच्या रिसेप्शनला माहीत असतं.

पकडलेल्या माशाचं

ठेवायचा असेल तर लगेच डोक्यावर एक जोरात फटका, कल्ल्याखाली चिरून रक्त काढा आणि बर्फात. प्लास्टिकच्या पिशवीत उन्हात तडफडत ठेवलेला मासा चवीलाही वाईट लागतो आणि बघायलाही. सोडायचा असेल तर हात ओले करून धरा. साफसफाई पोहण्याच्या किनाऱ्यावर नको.

हॉटेलचं किचन बाहेरचा मासा बहुतेक घेत नाही, त्यामुळे गरवायचा बेत असेल तर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट बुक करा. आम्ही शेवटचे दोन दिवस तसंच घेतलं, कास्कावेलच्या बाजूला. त्या भागात मराठी मंडळी बरीच, एकोणिसाव्या शतकात इथून गेलेल्यांची पुढची पिढी, घरी क्रेओल बोलतात पण गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. शेजारच्या आजींनी आमची कोकर बघून व्हिंदाय करायला सांगितलं. मासा तळून घ्यायचा, मग तेलात कांदा, लसूण, हळद, भरपूर वाटलेली मोहरी आणि व्हिनेगर, त्यात तळलेला मासा मुरवायचा, दुसऱ्या दिवशी पावात घालून खायचा. नाव गोव्याच्या विंदालूच्या नात्यातलं वाटतं, चव मात्र लोणच्याकडे झुकणारी. मी अर्धी कोकर हळद-तिखट-मीठ लावून रव्यात तळली, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत कोण थांबणार.

रात्री रॉड आणि रील गोड्या पाण्याने धुवा, वरून हलकी धार, नळाखाली दाबून नाही, नाहीतर मीठ आत जातं. गळ वेगळ्या डबीत पूर्ण वाळवून भरा. परत येताना शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका, विमानतळावर अडचण होते. आणि रॉड पुसायला हॉटेलचा पांढरा टॉवेल घेऊ नका, माकुलाची शाई निघत नाही, त्याचे पैसे आम्ही चेकआऊटला भरलेत.